काकांची लाळ

धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. या उत्पन्नावर कुठलाच कर नसल्यामुळे लोक ती जिन्याच्या कोपऱ्यांत खुशाल उधळतात. मला मात्र ती औषधाच्या दुकानातून विकत आणावी लागते.

ब्लडप्रेशरची, ॲलर्जीची आणि झोपेची अशा माझ्या तीन गोळ्यांनी संगनमत करून तोंडाचा पार राजस्थान केला आहे. "गोळ्या थांबवायच्या नाहीत, तोंड ओलं ठेवायचं," इति डॉक्टर. दुकानात मी शक्य तितक्या हळू आवाजात "कृत्रिम लाळ" म्हणालो, तर मालक आतल्या पोऱ्यावर ओरडला, "अरे, काकांची लाळ काढ रे!" शेजारच्या बाईंनी आपली पिशवी लांब सरकवली.

घरी चष्मा लावून बाटली वाचली. मुख्य ऐवज कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज. हेच आइस्क्रीम दाट करायला घालतात आणि कोरड्या डोळ्यांच्या थेंबांतही असतं. म्हणजे रडणं, गिळणं आणि कुल्फी, सगळं एकाच कारखान्यातून! युरोपात काही ठिकाणी डुकराच्या जठरातलं म्युसिन वापरतात, ही माहिती मी उगाच पुरवली. सासूबाईंचा घास हातात राहिला. "ही कसली आहे? उद्या चतुर्थी आहे." सेल्युलोज झाडापासून काढतात, म्हटल्यावर माझी लाळ उपासाला चालेल असा निर्णय झाला.

खरी परीक्षा बेसनाच्या लाडवाची. पहिला घास टाळूला जाऊन चिकटतो तो सोसायटीतल्या जुन्या भाडेकरूसारखा. पुढे जात नाही, बाहेर येत नाही. नेमक्या त्याच वेळी यजमानीणबाई विचारतात, "कसा झालाय?" मी डोळ्यांनी वाहवा करतो आणि खिशातून फवारा काढतो. "दमा केव्हापासून?" असं त्या हळहळून विचारतात. दमा म्हणूनच चालवून घेतो. दम्याला समाजात मान आहे.

फवाऱ्याने घास उतरतो, यात वाद नाही. पण भाकरी चावता चावता जी गोडसर लागते, ती लाळेतल्या अमायलेजमुळे. माझ्या बाटलीत ते नाही. शिवाय अर्ध्या तासात पुन्हा वाळवंट. लिंबाच्या गोळ्या चघळाव्यात, तर दातांचे डॉक्टर डोळे वटारतात: लाळेचा पहारा नसला की आम्ल आणि साखर दातांवर चढाई करतात. त्यांनी झायलिटॉलचं च्युइंगगम दिलंय. त्यामुळे हल्ली ज्येष्ठ नागरिकांच्या राखीव सीटवर मी रवंथ करत बसलेला असतो, आणि कंडक्टर माझ्याकडे ओळखपत्र मागतो.