व्हाउचर कुठंय?

प्रत्येक घराण्यात असा एक माणूस असतो, ज्याला सख्ख्या पुतण्याचा वाढदिवस आठवत नाही, पण गोष्टीतल्या माणसाच्या शर्टाची चौकड पाठ असते. आमच्याकडे हे खातं भाऊकाका सांभाळतात.

काका ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीतून, ऑडिटर म्हणून निवृत्त झाले. लष्कर भागातला वाडा सुटला आणि सिटी सेंटरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. येताना काकूंनी पितळेची भांडी आणली, काकांनी भा. रा. भागवतांचा सगळा फास्टर फेणे. भांडी माळ्यावर गेली, फेणे दिवाणखान्यात बसला.

नुसतं वाचून भागलं असतं तर काकू काही बोलल्या नसत्या. काका फेणे पुढे लिहितात. जुन्या हिशेबाच्या वहीत, डावीकडे समास सोडून. मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "बाबा, याला फॅन फिक्शन म्हणतात." काका वर बघून म्हणाले, "फॅन छताला आहे, तोही गरम हवा फेकतोय. मी वाचक आहे." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्यासांची माणसं खांडेकरांनी 1959 साली 'ययाति'त बोलती केली, सावंतांनी 1967 साली 'मृत्युंजय'मध्ये. त्यांना कोणी फॅन म्हटलं?"

काकांच्या वहीत फुरसुंगीचा बनेश ऊर्फ बन्या, म्हणजे आपला फास्टर फेणे, मे महिन्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरला येतो. येतो म्हणजे गेली चार वर्षं येतोच आहे, कारण त्याचं प्रत्येक पाऊल ऑडिटमधून जातं. बन्या काही बोलला, हसला, रागावला, की काका लाल पेन्सिलीने समासात लिहितात : व्हाउचर कुठंय? म्हणजे मूळ पुस्तकात आधार कुठे आहे? तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असं आमच्याकडे म्हणतात. तो खाल्ल्यावर बन्याचं ते नेहमीचं, जिभेने वाजवलेलं 'ट्टॉक्' सुरात येईल का, यावर काकांनी एक आख्खा आठवडा घालवला. शेवटी पाला कापला. "खोडकर आहे तो, भाविक नाही."

किल्ल्याचा प्रसंग तर आमच्या घरात दंतकथा झालाय. बन्या उरवाई दरवाजाच्या चढावर सायकल हाणत चोराचा माग काढतो आणि बरोबरच्या पोराला चार ओळींचं भाषण देतो, असं काकांनी लिहिलं. मग शंका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला घेऊन गेले. सायकल काही मिळाली नाही, म्हणून पायीच निघाले. कड्यात कोरलेल्या उंच जैन मूर्तींच्या खालून एक सत्तरीचा गृहस्थ धापा टाकत "चोर वरच्या अंगाला गेलाय, तू मागून ये!" असं ओरडत चाललाय, हे बघून फिरायला आलेले दोघे तर खरोखरच मागून आले. घरी पोचल्यावर काकांनी चार ओळी कापून एकच शब्द ठेवला : "वर!" म्हणाले, "माणूस खरा वाटायला हवा तर त्याचा दम मोजावा लागतो."

शेरलॉक होम्सही या तपासणीतून सुटलेला नाही. कॉनन डॉइलने त्याला 1893 साली मारलं आणि वाचकांनी पिच्छा पुरवल्यावर 1903 साली परत आणलं. काकांच्या मते ही दहा वर्षांची बिनपगारी रजा. गोष्टीतल्या हिशेबाने होम्स तीनच वर्षं गायब होता आणि त्यात तिबेट फिरून आला, असं तो वॉटसनला सांगतो. काका विचारतात, "प्रवासभत्त्याचं बिल?" वॉटसनला अफगाणिस्तानात लागलेली गोळी एका कादंबरीत खांद्यात आहे, दुसरीत पायात. हे सांगताना काकांचा चेहरा खुलतो. "जखम एक, जागा दोन! आमच्या वेळी वसुली लावली असती."

फास्टर फेणेवरचा 2017 सालचा चित्रपट त्यांनी लॅपटॉपवर थांबवून थांबवून पाहिला. मोठा झालेला बन्या बघून सुरुवातीला लाल पेन्सिल हातात होती. मग पडद्यावर दिलीप प्रभावळकर भा. रा. भागवत होऊन आले. लेखकच पात्र झाला! काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात जोडले. काकू मला हळूच म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या कॅसेटला एवढे भारावले नव्हते."

या वर्षी मात्र वही अडली. खालच्या मजल्यावरची दहा वर्षांची मुलगी गोष्ट ऐकायला येते. मराठी तिला येत नाही, काका वाचता वाचता हिंदी करतात. एक दिवस तिनेच एक पान लिहून आणलं. त्यात बन्या रात्री किल्ल्यावर एकटा अडकतो आणि रडतो.

काकांनी चष्मा चढवला. "बेटा, व्हाउचर कहाँ है? हमारा बन्या नहीं रोता."

"सबके सामने नहीं रोता," ती म्हणाली. "मैं भी लाइट जाने पर छुपकर रोती हूँ."

काका गप्प झाले. उठून पंख्याचा वेग वाढवला, मग कमी केला. एजी ऑफिसात भल्याभल्या अधिकाऱ्यांचे खुलासे ज्यांनी परत पाठवले, त्यांनी त्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं : 'खुलासा मान्य. पॅरा निकाली.' खाली सही, तारखेसकट. पान वहीत चिकटवायला काकूंकडून खळ मागून घेतली.

काकू दारात उभ्याच होत्या. "अहो, बत्तीस वर्षांत माझा एक खुलासा मान्य केला नाहीत. हे तुमच्या स्वभावात बसत नाही. व्हाउचर कुठंय?"

काकांनी वही मिटली, खिडकीबाहेर बघितलं आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला :

"ट्टॉक्!"