फर्नेस : लक्षणे, निदान आणि बिल

फर्नेस हे उत्तर अमेरिकेतील घरांच्या बेसमेंटमध्ये राहणारे, नैसर्गिक वायूवर चालणारे आणि बंद पडल्याखेरीज घरमालकाच्या ध्यानात न येणारे यंत्र आहे. घरातली गार हवा ओढून घ्यायची, तापवायची आणि पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडायची, एवढेच त्याचे काम. शिकागो, मिनिआपोलिस, डेट्रॉइट या पट्ट्यात घर घेणारी मराठी कुटुंबे देवघर कोणत्या दिशेला येईल, ओट्याचा ग्रॅनाइट खरा की खोटा आणि शाळेला दहापैकी किती गुण आहेत हे बारकाईने पाहतात. फर्नेसचे वय त्याच्यावरच्या पट्टीवरून कळते. ती पट्टी पाहण्याची प्रथा नाही. यंत्राचे आयुष्य साधारण पंधरा ते वीस वर्षे असते. आधीच्या मालकाने घर विकायला नेमके सतरावे वर्ष का निवडले, याचा उलगडा पहिल्या जानेवारीत होतो.

घर आपोआप उबदार राहावे ही कल्पना तशी अलीकडची आहे. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात शिपाई दर तासाला वर्गात येऊन तापमान पाही आणि खाली जाऊन झडप कमीजास्त करी. या व्यत्ययाला कंटाळलेल्या प्राध्यापक वॉरेन जॉन्सन यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हा थर्मोस्टॅट बेसमेंटमध्ये फक्त घंटा वाजवत असे. झडप फिरवायला शिपाई होताच. पुढे १९१९ मध्ये न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेने नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या आणि घराच्या वेगवेगळ्या भागांना स्वतंत्रपणे ऊब देणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळवले. ही सोय शंभर वर्षांनंतरही बहुतेक घरांत पोचलेली नाही. वरच्या मजल्यावर घाम फुटतो आणि खाली दिवाणखान्यात शाली निघतात.

आजच्या फर्नेसचे कामकाज समजायला तालुक्याच्या कचेरीतली फाइल पुरेशी आहे. थर्मोस्टॅट उष्णतेचा अर्ज करतो. पहिल्या टेबलावर एक छोटा पंखा सुरू होतो आणि ज्वलनकक्षातली जुनी हवा धुराड्यावाटे बाहेर काढतो. पंखा खरोखर चालला का, हे तपासायला पुढच्या टेबलावर प्रेशर स्विच बसलेला असतो. त्याने होकार दिला की इग्नाइटर नावाची कांडी लालभडक होते, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. इथे अननुभवी माणसाला काम झाले असे वाटते. पण बर्नरसमोर फ्लेम सेन्सर नावाची एक बारीक सळई उभी असते. ज्वाळेतून मायक्रोअ‍ॅम्पमध्ये मोजावा इतका क्षीण प्रवाह वाहतो. तो काही सेकंदांत पोचला तरच ज्वाळा अस्तित्वात असल्याचा दाखला मिळतो, नाहीतर गॅस बंद. दाखला मिळाल्यावरही मोठा ब्लोअर लगेच हलत नाही; हवेला उष्णता देणारा आतला भाग, म्हणजे हीट एक्स्चेंजर, पुरेसा तापावा म्हणून अर्धा-एक मिनिट थांबतो. खऱ्या कचेरीशी फरक एवढाच, की इथे चिरीमिरी चालत नाही आणि काम का अडले ते कळवले जाते.

कळवण्याची पद्धत मात्र सरकारी आहे. आतल्या सर्किट बोर्डावर एक दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो: तीनदा म्हणजे अमुक, चारदा म्हणजे तमुक. याचा तक्ता बहुधा फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. तक्ता वाचायला दार काढावे लागते. दार काढले की सुरक्षेसाठी बसवलेला स्विच सुटतो, वीज तुटते आणि ज्याचा अर्थ पाहायचा तो दिवाच विझतो. दाराला एक छोटी काचेची खिडकी असते. तिच्यातून आधी दिवा मोजावा आणि मग दार काढावे, असा उत्पादकाचा हेतू असतो. मोठमोठ्या बँकांच्या सर्व्हरमधले बिघाड पुण्याशी फोनवर बोलत शोधून काढणारा अभियंता या दिव्यापुढे हतबल होतो. तो मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारतो, ‘कुणाकडे भरवशाचा फर्नेसवाला आहे का?’ एकजण ब्रेकर बंद-चालू करायला सांगतो, दुसरा हीट पंपाचे फायदे समजावतो, तिसरा शुभ सकाळचे फूल पाठवतो. काखेत कळसा आणि गटाला वळसा.

बिघाडांत पहिला मान फिल्टरचा. एक इंच जाडीचा हा पुठ्ठ्याच्या चौकटीतला कागद एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो. फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर आणि गालिच्याची धूळ यांवर पोसलेला फिल्टर लवकरच घोंगडीचे रूप घेतो. मग हवा पुरेशी वाहत नाही, उष्णता आतच साठते, तापमानाची मर्यादा ओलांडली जाते आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. ब्लोअर मात्र आतला भाग निववण्यासाठी चालूच राहतो. घर गारठते ते फर्नेस फार तापल्यामुळे. यावर उपाय म्हणून जागरूक गृहस्थ दुकानातला सर्वांत महाग, परागकणांपासून विषाणूंपर्यंत सगळे अडवणारा दाट फिल्टर आणतो. तो हवाही अडवतो. काटकसरी गृहस्थ न वापरायच्या खोल्यांच्या जाळ्या बंद करतो आणि तोच परिणाम फुकटात साधतो.

दुसरा मान फ्लेम सेन्सरचा. त्याच्यावर कालांतराने न दिसणारे पुट चढते, प्रवाह पोचत नाही आणि समोर धडधडीत पेटलेली ज्वाळा कागदोपत्री नसल्याची ठरते. बर्नर पेटतात, काही सेकंदांत विझतात, पुन्हा पेटतात. तीनेक प्रयत्नांनंतर फर्नेस तासाभराच्या रजेवर जातो. सेन्सर एका स्क्रूवर बसवलेला असतो. वीज आणि गॅस बंद करून तो काढावा, बारीक स्टील वूलने हलकेच पुसावा आणि परत बसवावा, एवढीच दुरुस्ती. टेक्निशियन ती दहा मिनिटांत करतो. बिलावर तीन आकडी रक्कम येते, ती पुसण्याची नसून काय पुसायचे ते माहीत असण्याची असते. शेजारचा इग्नाइटर मात्र बोटांनी हाताळू नये. बोटांचे तेल लागले की तो त्याच जागी तापून तडकतो, आणि व्हिडिओ पाहून सेन्सर पुसायला गेलेल्याला हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते उमगते.

नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या नव्या फर्नेसने एक वेगळाच रोग आणला. जुना फर्नेस गरम धूर चिमणीतून सोडून देई. नवा त्या धुरातली उष्णताही काढून घेतो, त्यामुळे धुरातली वाफ निवून पाणी होते. थंडी जितकी कडक तितके पाणी जास्त. हे पाणी प्लास्टिकच्या नळीतून बाहेर जायचे असते. नळी गॅरेजसारख्या न तापवलेल्या जागेतून नेली असेल तर ऐन कडाक्यात ती गोठते, पाणी तुंबते, प्रेशर स्विच होकार देत नाही आणि यंत्र थांबते. भिंतीतून बाहेर निघालेले दोन पांढरे पाइप बर्फाखाली गाडले गेले तरी हेच होते. घरमालक आत मॅन्युअल वाचत बसतो; दुरुस्तीचे हत्यार, म्हणजे फावडे, गॅरेजमध्ये असते.

थर्मोस्टॅट हा यंत्रापेक्षा कुटुंबाचा भाग मानावा. अमेरिकेचे ऊर्जा खाते हिवाळ्यात घरी जागे असताना ६८ अंश फॅरनहाइट पुरेत असे सांगते. म्हणजे २० सेल्सियस, ज्या तापमानाला मुंबईत स्वेटर निघतात. नातवंडासाठी जानेवारीत आलेली आजी ७८ करते, बिल भरणारा मुलगा रात्री हळूच ६६ करतो. घर लवकर तापावे म्हणून आकडा ८५ वर नेण्याचा प्रकारही आढळतो. साधा फर्नेस एकाच वेगाने तापतो. आकडा वाढवल्याने तो घाई करत नाही, नुसता उशिरा थांबतो. पुष्कळदा मुळात बिघाड नसतोच, थर्मोस्टॅटचे दोन सेल संपलेले असतात. स्मार्ट थर्मोस्टॅटने यातही प्रगती केली. २०१६ च्या जानेवारीत नेस्टच्या थर्मोस्टॅटमध्ये सॉफ्टवेअरच्या दोषामुळे बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत अनेक घरे गार पडली. हनीवेलच्या १९५३ सालच्या गोल थर्मोस्टॅटला अद्ययावत होण्याची सवय नव्हती.

टेक्निशियन हा या व्यवहारातला सर्वांत दुर्मीळ भाग. पारा शून्याखाली गेला की सगळ्यांचे फर्नेस एकदमच बंद पडतात, आणि फोनवरचा मंजूळ आवाज परवा दुपारी बारा ते सहा अशी वेळ देतो. रात्री किंवा रविवारी यायचे तर दर वेगळा. घराबरोबर घेतलेली होम वॉरंटी असली तर आधी तिची फी भरायची. मग बिघाड देखभालीअभावी झाल्याचे कळवले जाते. उत्पादकाच्या वॉरंटीत सुटे भाग मोफत असतात, मजुरी नसते. आणि बसवल्यानंतर ठरावीक मुदतीत नोंदणी केली नसेल तर भागांचीही मुदत निम्म्यावर येते. नोंदणीचा कागद कोरा, फर्नेसला लावलेल्या पिशवीत सुरक्षित सापडतो.

तपासणीअंती टेक्निशियन गंभीर होऊन ‘हीट एक्स्चेंजरला चीर आहे’ असे म्हणाला, तर दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेत माणूस मारतो. आणि नवा फर्नेस खपवायला याहून चांगले वाक्य धंद्यात नाही. म्हणून यंत्र बंद ठेवावे, चिरेचा फोटो मागावा आणि दुसऱ्या माणसाचे मत घ्यावे. इलिनॉयमध्ये २००७ पासून प्रत्येक शयनगृहाच्या पंधरा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बंधनकारक आहे. पोळ्या चालू असताना वाजला म्हणून एकदा सेल काढून ठेवलेला स्मोक डिटेक्टर म्हणजे हा अलार्म नव्हे. फर्नेस येईपर्यंत गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवणे ही त्याच वायूची दुसरी वाट आहे. विजेचा हीटर वापरावा, तो थेट भिंतीतल्या प्लगला लावावा आणि नळ बारीक धारेने सोडून ठेवावेत, नाहीतर पाइप गोठून फुटतात आणि फर्नेसवाल्यामागून प्लंबर येतो.

फर्नेस कधी कधी निर्दोष असतो. तो केवढा असावा हे गावच्या नेहमीच्या थंडीवरून ठरते, विक्रमी थंडीवरून नव्हे. शिकागोच्या आसपास हिशेब शून्य फॅरनहाइटच्या आगेमागे धरतात. ३० जानेवारी २०१९ रोजी ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ सेल्सियसला उतरला. मिनिआपोलिसात उणे २८ फॅरनहाइट होते. अशा दिवशी यंत्र अखंड चालते आणि तरी घर काही अंशांनी मागे राहते. त्याच दिवशी मिशिगनमध्ये गॅस कंपनीच्या कॉम्प्रेसर केंद्राला आग लागली आणि रात्री लोकांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश वाजला: थर्मोस्टॅट ६५ वर आणा. वाहन कारखान्यांनी काम थांबवले, लोकांनी आकडे उतरवले आणि पुरवठा टिकला. बिल भरणाऱ्याला घरात कधी न मिळालेला पाठिंबा त्या रात्री अख्ख्या राज्याने दिला.

गॅस आहे पण वीज नाही, ही अवस्था सर्वांत अवमानकारक. ब्लोअर, सर्किट बोर्ड, इग्नाइटर सगळे विजेवर चालते. वीज गेली की गॅसचा फर्नेस नुसता पत्र्याचा डबा उरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हे लाखो घरांनी अनुभवले, आणि घरात जनरेटर व कोळशाच्या शेगड्या पेटवल्याने तिथे कार्बन मोनॉक्साइडने बळी घेतले.

देखभालीचा योग्य महिना सप्टेंबर. तेव्हा टेक्निशियन मोकळे असतात, दर सौम्य असतात आणि सेन्सर पुसून, नळी धुऊन, ज्वाळेचा रंग पाहून तासाभरात काम होते. मराठी घरांत तो गणपतीचा आणि मंडळाच्या नाटकाच्या तालमींचा काळ असल्याने ही भेट पुढे ढकलली जाते. एप्रिलनंतर फर्नेस संपला असे समजतात, पण एसीची हवाही तोच ब्लोअर ढकलतो आणि तोच फिल्टर गाळतो. जानेवारीत जो बदलला गेला नाही तो जुलैमध्येही तिथेच असतो. मग हवेअभावी एसीच्या कॉइलवर बर्फ साचतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर भरवशाच्या एसीवाल्याची चौकशी सुरू होते.