कंपनी म्हणजे वडशाची

आमच्याकडे ‘कंपनी आली’ म्हटलं की पोरं मंडपाकडे पळतात. कंपनी म्हणजे नाटकाची, हे पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुमारास वडशाला कंपन्यांची कार्यालयं थाटली जातात. पन्नासेक तरी असतील. रस्त्याने ओळीने पाट्या, आणि पाटीवर नटीचा फोटो नाटकाच्या नावापेक्षा मोठा. त्यामुळे सप्टेंबर २०१६ मध्ये भाचा ओरडत आला, “आजी, नवीन कंपनी आली, सगळं फुकट हाये!” तेव्हा आईने सरळ विचारलं, “नाटक कोनतं हाये, बाबू?”

नाटक जिओचं होतं. पहिला अंक ३१ डिसेंबरपर्यंत फुकट. मग लोकाग्रहास्तव दुसरा अंक ३१ मार्चपर्यंत फुकट. वडशाच्या कोणत्याही कंपनीला हे जमलेलं नाही. त्यांच्या ऑर्गनवाल्याला रोजच्या रोज जेवायला लागतं.

पुढे तर आठवडी बाजारात वांग्यांपेक्षा सिमकार्डाच्या छत्र्या जास्त झाल्या. त्यातल्या एका छत्रीखाली (कोणत्या कंपनीची, ते सोडा) आईला घेऊन गेलो. पोरगा म्हणाला, “आजी, अंगठा ठेवा.” ठेवला. मशीन गप्प. पन्नास वर्षं धानाची रोवणी केलेला अंगठा. त्याच्या रेषा कधीच बांधीतल्या चिखलात राहिल्या होत्या. पोराने तो पुसला, फुंकर घातली, पुन्हा दाबला. सातव्यांदा हिरवा दिवा लागला. आई उठता उठता म्हणाली, “साक्षरतावाल्याईनं अंगठा सोडवून सही शिकवली. आता हे पुन्हा अंगठाच मागून रायले!”

त्यानंतर एकेक मंडप उठत गेला. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. टेलिनॉर एअरटेलच्या घरात गेली, तिच्या पाठोपाठ टाटा डोकोमोचा संसारही तिथेच हलला. व्होडाफोन आणि आयडिया यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये एकमेकींशी लग्न लावलं आणि पुढे नावही बदलून ‘व्हीआय’ केलं. वडशातही कंपन्या बुडतात, नाही असं नाही. पण एक बुडाली की तिचा खलनायक दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाटीखाली मिशी लावून उभा असतो. पाट्यांची संख्या काही घटत नाही.

शहरातला माणूस विचारतो, तुमच्याकडे कोणती कंपनी चांगली? आमच्या गावात हा प्रश्न कंपनीचा नाही, जागेचा आहे. माझं पहिलं सिम मामा तलावाच्या पाळीवर चालतं, दुसरं मोहाच्या झाडाखाली. पाळीवरून पोराशी बोलायचं आणि झाडाखाली पैसे पाठवायचे. मोह पडायच्या दिवसांत पहाटे झाडाखाली टोपल्या घेऊन बाया असतात, कधी अस्वलही असतं. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये माझे आर्थिक व्यवहार जरा उशिराने होतात. सिरोंच्याकडे राहणारे माझे एक व्याही तर सांगतात की, प्राणहितेच्या काठावर फोन कधी कधी परस्पर तेलंगणात जातो. माणूस महाराष्ट्रात चहा पितो आणि त्याचं स्वागत पलीकडचं राज्य करतं.

जुलै २०२४ मध्ये तिसरा अंक लागला. जिओचा २३९ चा रिचार्ज २९९ झाला, एअरटेलचा २६५ चा २९९ आणि व्हीआयचा २६९ चाही २९९. निघाले वेगवेगळ्या गावांहून, पण पोचले एकाच दाराशी. ही स्पर्धा! बीएसएनएलने तेवढे भाव वाढवले नाहीत. तिच्या स्वदेशी फोर-जीचा सोहळा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, तोवर बाकीच्यांची फाइव्ह-जीची नांदी कधीच आटोपली होती. त्यात या मोबाइल कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. आपल्या पंचांगात धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला अनारसे देऊन भागतो. हे जावई दरवर्षी धोंडा मागतात, तोही रोख.

मागे गावच्या मंडळाच्या अध्यक्षांबरोबर वडशाला नाटक ठरवायला गेलो होतो. मालक म्हणाले, “गुरुजी, यंदा मुंबईची नटी आणतो.” अध्यक्ष म्हणाले, “मागच्या साली मुंबईची म्हनून आनली, ते ब्रह्मपुरीची निंगाली. नाचली मात्र झकास. तिलेच आना अन् मुंबईचे पैसे कमी करा.” मालक हसले, पण आकडा सोडेनात. आम्ही चपला घालून उठलो. पहिली पाटी ओलांडली, दुसरी ओलांडली. तिसरीपाशी पोचायच्या आत मागून हाक आली, “अजी अध्यक्ष, चहा तं घेऊन जा!” चहात पाच हजार उतरले.

परवा तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानात हाच प्रयोग करून पाहिला. पहिल्या कंपनीचा २९९ ऐकून चपला घातल्या, दुसऱ्या कंपनीचा ऐकला, तिसऱ्या कंपनीचाही ऐकला. मग मुद्दाम सावकाश चालत बस स्टँडपर्यंत गेलो. हाक आली नाही. बस आली.

आमचं नाटक शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री आहे. दहाला सुरू होईल म्हणतात, म्हणजे अकरा धरा, पहाटेपर्यंत चालेल. या. येताना घोंगडं आणा, आणि माझा फोन लागला नाही तर तलावाच्या पाळीवर बघा.