सूतभर जागेचा धनी

कुंडल हे मोठ्या मापाचं गाव. इंग्रज गादीवर असतानाच १९४३ पासून सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चाललं, त्याचा बराचसा कारभार इथून हलला. कुस्तीचं मैदान भरलं की पंचक्रोशी लोटते. ऊस टनात मोजायचा, द्राक्षबाग एकरात, आणि पाहुणचार किती झाला हे पाहुण्याला पाटावरून उठता येतंय की नाही यावर ठरवायचं, ही इथली रीत. शेजारच्या किर्लोस्करवाडीत तर असेही पंप बनतात की ते हलवायला ट्रेलर बोलवावा लागतो. अशा गावात आमच्या मिलिमीटरनं जन्म घ्यावा, याला काय म्हणायचं!

मिलिमीटर हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. ते तालमीतल्या पोरांनी ठेवलं आणि गावानं मंजूर केलं. वय तिशीच्या अलीकडे, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्याच्या कंपनीची पण बसायचं घरातच. खिशाला पेन नसेल एक वेळ, व्हर्निअर कॅलिपर असतोच. लग्नाला गेला तर मंडळी रुखवत बघतात, हा रुखवतातले डबे बघतो. स्टीलचा चौकोनी डबा दिसला की डोळे बारीक होतात, ओठ हलतात, आणि लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार होऊन उत्तर येतं, "साडेआठ लिटर." नवरीची आई कौतुकानं बघते. तिला वाटतं, पोरगा संसारी आहे.

त्याचा छंद एकच: लहानात लहान संगणक स्वतः जोडायचा. आता लहान संगणक बाजारात तयार मिळतो, हे त्याला सांगायला जाऊ नये. मी एकदा गेलो. म्हटलं, मॅक मिनी बघ की, २०२४ चा तर जेमतेम तेरा सेंटिमीटरचा चौकोन आहे. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी कुस्तीला निघालेल्या गड्याला गदा विकत घ्यायचा सल्ला दिला होता. "ते लहानच जन्मलंय मास्तर," तो म्हणाला. "त्यात आपण काय केलं?" त्याला मोठ्या संगणकाचा सगळा ऐवज हवा असतो. वितभर लांब, दोन बोटं जाड ग्राफिक्स कार्डसुद्धा. आणि तो सगळा अशा डब्यात घालायचा असतो, जो बघून कुणीही म्हणावं की हे ह्यात बसणार नाही.

या पंथाची मापंही वेगळी. नेहमीचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. हे माप इंटेलनं १९९५ मध्ये ठरवलं. २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीनं मिनी-आयटीएक्स आणला, १७० बाय १७०. ही तारीख मिलिमीटर शिवजयंतीच्या खालोखाल मानतो. वीजपुरवठ्याचा डबाही नेहमीचा चालत नाही, एसएफएक्स लागतो: १२५ बाय १०० आणि जाडी ६३.५. तो त्रेसष्टवरचा अर्धा मिलिमीटरही सोडत नाही. उच्चारताना त्यावर जरा थांबतो. आणि अखेर सगळ्याचा हिशोब लिटरमध्ये. दुकानात दिसतो तो उभा डबा चाळीस-पन्नास लिटरचा. वीसच्या आत आलं की लहान म्हणायचं, दहाच्या आत आलं की मान द्यायचा. डॅन ए४ नावाचा एक डबा जर्मनीतल्या एका गड्यानं स्वतःच्या हौसेपोटी आखला. लोकांनी आधी वर्गणी भरली, मग तो तयार झाला. सव्वासात लिटरही नाही, ७.२. मिलिमीटरच्या खोलीत त्याचं चित्र आहे. देवाच्या तसबिरीपासून थोडं अंतर ठेवून, पण त्याच ओळीत.

लिटरच्या या भाषेनं एकदा घोटाळा केला. त्याला बघायला भिलवडीकडचे पाहुणे आले होते. तिकडे चितळ्यांची डेअरी, त्यामुळे लिटर म्हटलं की माणसाला दुसरं काही सुचतच नाही. मुलीच्या मामांनी विचारलं, "नोकरीशिवाय आणखी काही करता?"

"करतो की. सध्या साडेनऊ लिटरवर आहे."

मामांनी मान हलवली. साडेनऊ म्हणजे एखादी म्हैस असणार. सुरुवात म्हणून वाईट नाही. "पुढं काय विचार?"

"सातवर आणायचंय."

मामांनी कपबशी खाली ठेवली. "अहो, लोक वाढवायला बघतात, तुम्ही कमी करताय?"

"कमी करण्यातच खरी कमाई आहे," मिलिमीटर मनापासून म्हणाला. स्थळ परत आलं नाही.

आता खरी गंमत पुढं आहे. ह्याला जागा कमी आहे म्हणावं, तर घर पाच खणांचं. पुढं सोपा, मागं परडं, वर माडी. ट्रॅक्टर आल्यावर बैलं गेली, तेव्हापासून गोठा रिकामा. आबा, म्हणजे त्याचे वडील, पहिल्यांदा समजुतीनं म्हणाले, "अरं, गोठा मोकळाच पडलाय. गोठ्यात मावंल एवढा मोठा घे की, कोण नको म्हणतंय?"

"आबा, मोठा कुणीबी बसवतंय."

आबांना हे उत्तर अजून पचलेलं नाही. पण विचार केला तर त्यात सगळा मिलिमीटर आला. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, त्यांतल्या एकालाही जागा वाचवण्याचा छंद नसतो. त्यांना मिळेल तर हातपाय पसरायची जागा हवी असते. जागा वाचवणं ही चैन परडंवाल्यालाच परवडते. उपास करावा तो सुद्धा कणगी भरलेल्या घरातल्यानंच. बाकीचे नुसते उपाशी असतात.

आणि चैन म्हणजे खरोखरच चैन. या धंद्यात वस्तू जितकी आखूड, तितकी किंमत लांब. मोठा बोर्ड स्वस्त, लहान महाग. मोठा वीजपुरवठा स्वस्त, लहान महाग. सांगली-कोल्हापूरच्या दुकानात मागितलं तर दुकानदार म्हणतो, "हे कोण घेणार, साहेब?" मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फोन, नाहीतर ऑनलाइन. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचा एक बुटका पंखा येतो, खालच्या पत्र्यासकट उंची फक्त ३७ मिलिमीटर. रंग तपकिरी आणि पिवळट. आबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "जुना गळ्यात मारलाय तुझ्या. रंग बग की कसा विटलाय. परत लाव." तो त्या पंख्याचा अस्सल रंग आहे आणि याच रंगाला जगभर भक्त आहेत, हे आबांना पटवून देणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं.

कुरिअरनं येणारी प्रत्येक चिमुकली वस्तू मोठ्या खोक्यात येते. त्या खोक्यात दुसरं खोकं, त्यात थर्माकोल, त्यात पिशवी, पिशवीत ती वस्तू. वस्तू डब्यात जाते, खोकी घरात राहतात. टाकायची नाहीत: वॉरंटीला लागतात, आणि पुढं वस्तू विकायची झाली तर खोक्यासकट भाव बरा येतो. अशी खोकी आधी पलंगाखाली गेली, मग कपाटावर, मग माडीवर. गेल्या दिवाळीत आईनं माडी झाडायला काढली आणि खालूनच हाक मारली, "अरं, तुझा कंप्युटर शेंगदाण्याच्या डब्याएवढा, मग माझी माडी कशानं भरलीय?" सात लिटरवर येण्यासाठी घरातली एक आख्खी माडी खर्ची पडली, हा हिशोब मिलिमीटरला कळत नाही असं नाही. तो खोक्यांचे लिटर मोजत नाही, एवढंच.

जोडणीचा दिवस म्हणजे घरात सुतक. मोठ्यानं बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, मांजराला बाहेर. मधोमध मदरबोर्ड, त्याच्या पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड, दोघांना जोडणारी रायझर नावाची चपटी केबल. वरवर सोपं वाटतं. पण इथं सगळा खेळ क्रमाचा. प्रोसेसरची वीज आधी जोडायची, मग पंखा; पंखा आधी बसवला तर बोट आत जात नाही. साठवणीची पट्टी बोर्डाच्या पाठीला, २२ बाय ८० मिलिमीटरची. ती विसरून बोर्ड बसवला तर पुन्हा सगळं बाहेर. आणि शेवटचं झाकण लावल्यावर आतून एक सुटा स्क्रू खुळखुळतो. हा खुळखुळा प्रत्येक जोडणीत होतो. त्या आवाजानं मिलिमीटरच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते पाहून आज्जी एकदा देवापुढं साखर ठेवून आली.

मग उष्णता. डब्यात हवेलाच जागा नसल्यावर ती निघणार कुठनं? कुंडलचा मे महिना बाहेरच चाळिशीला टेकतो, आत प्रोसेसर नव्वदीच्या वर जातो. शंभराच्या आसपास तो स्वतःच घाबरून वेग उतरवतो. त्यावर मिलिमीटरचा उपाय व्होल्टेज उतरवण्याचा. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणून वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के खाली आणता आलं, तर प्रोसेसरची वीज जवळजवळ १९ टक्के उतरते, आणि तेवढी उष्णताही. तालमीतला पैलवान वजनगटात बसायला रात्री घोटघोट मोजून पाणी पितो, तसा हा रात्री मिलिव्होल्ट मोजत बसतो. फार उतरवलं की संगणक आडवा होतो. पुन्हा थोडं चढवायचं. शेतात पाचट पेटवलं की हवेतून काजळीचे पापुद्रे उतरतात. ते आत जाऊ नयेत म्हणून झरोक्याला आईच्या जुन्या पातळाचा तुकडा. त्यानं काजळी थांबते, हवाही थांबते, तापमान तीन अंशांनी चढतं, आणि मिलिमीटर पुन्हा मिलिव्होल्टकडे वळतो.

एवढं करून संगणकावर तो काय करतो, असा रास्त प्रश्न आबांनी विचारला होता. "त्याच्यावर सातबारा निघतोय का?"

निघतो. पण छापायला प्रिंटर लागतो आणि तो डब्यात बसत नाही. खरं सांगायचं तर संगणकावर तो संगणकाचंच तापमान बघतो. आलेख वर गेला की कपाळाला आठ्या, खाली आला की चहा. नोकरीचं काम कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर होतं.

"आबा, हा पाठीवरच्या पिशवीत घालून कुठंबी नेता येतोय," हे त्याचं हुकमी पान. ते त्यानं एकदा खेळूनही पाहिलं. किर्लोस्करवाडीला कोयना एक्सप्रेस धरली आणि पुण्याला मित्राकडे संगणक नेला. डब्यातल्या सहप्रवाशांनी तारा लोंबणारी ती पेटी पाहिली आणि विनंती न करता त्याला खिडकीची जागा दिली. शेजारीही कुणी बसलं नाही. पुण्यात पोहोचल्यावर ध्यानात आलं की पिशवीत संगणक आलाय, पडदा कुंडलला राहिलाय. पडदा २७ इंची आहे. तो लहान का नाही, असं विचारलं तर म्हणतो, "बारीक अक्षरानं डोळे जातात."

गावात त्याला गांभीर्यानं घेणारा माणूस निघाला तो भलत्याच बाजूनं. गल्लीत फिटरआण्णा राहतात. किर्लोस्करवाडीला फिटर होते, आता निवृत्त. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना मांडला, आणि तेव्हापासून या पट्ट्यात नांगर आणि पंपांबरोबर फिटर, टर्नर, मोल्डर यांच्याही पिढ्या घडत आल्या. आण्णा त्यातलेच. मिलिमीटरच्या खिशातला व्हर्निअर मूळचा त्यांचाच. ते एक दिवस मुद्दाम टोकायलाच आले.

"पंखा आणि पत्र्यात खेळ किती ठेवलाईस?"

"दोन मिलिमीटर."

"म्हंजी सूतसुदिक न्हाई. मर्दा, तापल्यावर धातू वाढतंय. सूतभर तरी जागा सोडाय पायजे."

"सूत सोडलं तर सातच्या आत येत न्हाई, आण्णा."

आण्णांनी चष्मा चढवला. डबा खिडकीपाशी नेऊन उजेडात आडवा धरला. झाकणावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. खोलीत कुणी बोलेना. मग म्हणाले, "स्क्रूची डोकी वर आल्यात बग. काउंटरसंक मारलं तर अर्धा मिलिमीटर हितंच मोकळा हुतोय. आन् पत्रा दोनाचा कशाला? दीडाचा घे, चारी कडांना वाक दे. त्योबी ताठ ऱ्हातोय."

मिलिमीटर त्यांच्याकडे बघतच राहिला. आख्ख्या गावात त्याला अर्धा मिलिमीटर मिळवून देणारा माणूस तीन घरं सोडून राहत होता, आणि तो इतके दिवस परदेशातले नकाशे धुंडाळत होता. त्या दिवसापासून आण्णा सकाळी नाश्ता करून येतात ते जेवायलाच घरी जातात. कानस, शाईचा मार्कर, गुण्या, दोऱ्याची फिरकी अशी हत्यारं सोप्यात मांडली गेली आहेत. नवा डबा दोघं मिळून स्वतःच काढणार आहेत, ॲल्युमिनियमचा, ६.८ लिटरचा. आधीचा साडेनऊवाला विकायला काढलाय. अर्थातच खोक्यासकट.

परवा आबा शेतातून आले तर दोघं सोप्यात पालथे पडून एकाच भोकात बॅटरी मारून बघत होते. आबांनी पायताण काढलं, पाय धुतले, आणि आत जाता जाता आईला म्हणाले, "एकाचे दोघं झाले. आता आण्णांच्या माडीवर खोक्याला जागा हाय का, तेवढं इचारून घे."