एका ट्रेचे भावजी

न्यू जर्सीतल्या एडिसनला मराठी घरं भरपूर, आणि चाळिशी उलटल्यावर ओव्हनचा साक्षात्कार झालेले भावजीही भरपूर. तोवर त्या ओव्हनचा उपयोग एकच असतो: आत कढया, तवे आणि आप्पेपात्र ठेवायचं. एका रविवारी भावजी हा संसार उचलून ओट्यावर मांडतात आणि ताईला जाहीर करतात, "आज तुला सुट्टी. एका ट्रेत अख्खं जेवण! भांडं एकच!"

सुट्टी म्हटल्यावर ताई निमूट ओढणी खोचते.

ट्रे साधा नसतो. "हाफ शीट, १८ बाय १३ इंच. फुल शीट २६ बाय १८, ती बेकरीवाल्यांची. घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही." हे सांगताना ट्रे छातीशी धरलेला असतो. मग ताईने सोललेली गाजरं, ताईने चिरलेले बटाटे आणि ताईने निवडलेली ब्रसेल्स स्प्राउट्स ते स्वतःच्या हाताने ट्रेत मांडतात. दोन तुकड्यांत अंतर हवं. खेटून ठेवले की वाफ कोंडते आणि भाजी भाजायची सोडून उकडते. ऐन तारुण्यात विरार लोकलला लोंबकळलेला हा माणूस गाजराला हातपाय पसरता यावेत म्हणून जिवाचं रान करतो.

चिकनचे लेग पीस मधोमध विराजमान होतात. ओव्हन ४२५ फॅरनहाइटवर. आता ग्लेझ: जर्दाळूचा जॅम, संत्र्याचा रस, मोहरीची पेस्ट, सोया सॉस, लसूण. ताई सहज म्हणते, "लावून टाका ना आत्ताच." भावजींना हाच प्रश्न हवा असतो. "साखर आहे त्यात! आधी लावलं तर चिकन शिजेपर्यंत जॅमचा कोळसा. शेवटची दहा मिनिटं, बस." ओघात लुई मेयार हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ येतो. अमिनो आम्लं आणि साखर तापून पदार्थाला खरपूस रंग का येतो, हे त्याने १९१२ साली मांडलं. कांदा लाल होईपर्यंत परतायला ताईला मेयार कधी लागला नाही, पण ती तसं बोलत नाही.

चिकन आतून १६५ फॅरनहाइट झालं की खायला निर्धोक, हा अमेरिकन कृषी खात्याचा आकडा भावजींना मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ. ते दर पाच मिनिटांनी दार उघडून थर्मामीटर खुपसतात, दर वेळी ओव्हन थंडावतो आणि दर वेळी ते ओव्हनच्या कंपनीला नावं ठेवतात. शेवटी ग्लेझ लागतं, ओघळतं, ट्रेच्या कडेला करपतं आणि छतावरचा धुराचा अलार्म केकाटतो. खाली टॉवेल हलवत ताई उभी. सुट्टीच की!

सिंकमध्ये तोवर मुरवणाचं पातेलं, ग्लेझचा वाडगा, ब्रश, कच्च्या चिकनचा वेगळा बोर्ड, भाजीचा वेगळा बोर्ड आणि चमच्यांचं वारूळ. पण भावजींचा हिशेब स्वच्छ आहे: जे ओव्हनमध्ये गेलं, तेच भांडं. आणि त्या ट्रेलाही त्यांनी फॉइल घातलेली असते, म्हणजे खरं तर भांडं शून्य.

चिकन होतं मात्र झकास. तांबूस, चकचकीत, आंबटगोड. मुलं बोटं चाटतात. सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई एक तुकडा खातात, दुसरा खातात, तोंडावरून पदर फिरवतात आणि मनापासून म्हणतात, "जावईबापू, छान झालंय हो. आता जेवायला बसायचं ना?"

ताई उठते आणि मघाशीच गुपचूप लावलेला कुकर उघडते. वाफाळत्या भाताचा पहिला डोंगर भावजीच वाढून घेतात, त्यावर ट्रेमधला रस निथळेपर्यंत ओततात आणि पहिल्या घासाबरोबर निकाल देतात, "कुकर धरायचा नाही हं. तो गॅसवरचा."