सरळ पान्याने नट निघत नाही
(आडजागेसाठी वाकड्या तोंडाचे पाने घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांना मार्गदर्शन)

एप्रिल लागला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत घरोघरचे कूलर पडवीतून, जिन्याखालून, गच्चीवरून बाहेर निघतात. वर गुंडाळलेली ताडपत्री सोडली की आधी एक पाल पळते, मग वर्षभर साचलेली कोळशाची भुकटी दिसते आणि शेवटी दिसते मोटर. मोटर चार नटांवर बसलेली असते. तीन नट सज्जन असतात. चौथा मोटरचे पोट आणि पत्र्याची आडवी पट्टी यांच्यामधल्या बोटभर फटीत लपलेला असतो, कारण कारागिराने आधी नट कसला आणि मग पट्टी वेल्डिंग केली. तिथे पाना पोचतो, बसतोही, फिरत मात्र नाही. पारा 45 कडे निघालेला, घरातली माणसे दारात उभी. नेमक्या या क्षणी माणसाला वाटते, आपल्याकडे वाकड्या तोंडाच्या पान्यांचा संच हवा होता.

अभिनंदन. सर्वांत अवघड पायरी तुम्ही नकळत चढलात. पुढचे सोपे आहे, फक्त खर्चाचे आहे.

1. नट मोजू नका.

मोजला तर एकच पाना घ्यावा लागेल आणि संचाचे स्वप्न तिथेच संपेल. शिवाय मोजून हाती काही लागत नाही. आपल्याकडचा पत्र्याचा कूलर ज्याने बनवला तो माणूस बोल्ट सुतात विकत घेतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती बोल्टाच्या नटाची रुंदी बहुधा 7/16 इंच भरते, म्हणजे 11.11 मिलिमीटर. तुमचे पाने मिलिमीटरचे. अकराचा ठोकल्याशिवाय चढत नाही. बाराचा चढतो, पण नटाला तिथेच ठेवून एकटाच गरगरतो. मेट्रिक मापांचा कायदा देशाने 1956 मध्ये केला. कूलरवाल्यापर्यंत निरोप अजून वाटेत आहे.

2. अंशांचा अभ्यास करा. चारचौघांत बोलायला उपयोगी पडतो.

तुमच्या डिकीतला साधा फिक्स पाना नीट बघा. त्याचे तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नाही, 15 अंश कललेले आहे. हा बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. नटाला सहा बाजू, म्हणजे एका पकडीवरून पुढच्या पकडीवर जायला 60 अंश. तेवढी जागा नसेल तर पाना पालथा घालायचा: कललेल्या तोंडामुळे 30 अंशांच्या जागेतही काम भागते. म्हणजे तुमचा जुना पाना मुळातच थोडा वाकडा आहे आणि आडजागेसाठीच वाकडा आहे. हे वाचून झाले की लगेच विसरा. लक्षात राहिले तर खरेदी रद्द होईल.

तुम्हाला हवा आहे तो एका तोंडाला 30 आणि दुसऱ्या तोंडाला 60 अंश कललेला. माजरीकरांना हे समजायला जड जाऊ नये. दिल्ली-चेन्नईची गाडी आपल्या जंक्शनवरून सरळ निघून जाते; वणी-आदिलाबादला जायचे तर इथूनच कलावे लागते. तसेच हे. आता बारीक गोष्ट: 30 चे तोंड पालथे घालून वेगळी पकड मिळत नाही, कारण दांडा बरोबर 60 अंश सरकतो आणि सहा बाजूंच्या नटाला त्याने काही फरक पडत नाही. तोंडेच बदलायची. 30 ने एक ओढ, मग 60 ने एक ओढ, पुन्हा 30. कूलरमध्ये मान घातलेली, घाम डोळ्यांत उतरतोय, अशा अवस्थेत हा हिशेब तोंडी ठेवायचा असतो. जमेल तुम्हाला.

3. दुकानात जा.

भद्रावतीला किंवा वरोऱ्याला विचारलेत तर फिक्स, रिंग आणि गोटी एवढी तीन नावे परत येतील. खचू नका. चंद्रपूरच्या गोलबाजारापर्यंत जा. तिथेही काउंटरवरचा माणूस आधी नाशिकच्या टापरियाचा साधा संच पुढे करील, मग जालंधर-लुधियानाचा स्वस्तातला. "तीस-साठचा हवा," असे ठामपणे म्हणा. तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, "काहून जी? साधाच न्या ना भाऊ, वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घ्या." या वाक्याकडे पूर्ण दुर्लक्ष करा. अनुभवी माणसांच्या सल्ल्याने आजवर कुणाचा संच पूर्ण झालेला नाही.

तो कदाचित स्क्रू पानाही दाखवील, सरकत्या जबड्याचा. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी 1892 मध्ये त्याचे पेटंट घेतले. एका पान्यात सगळे नट भागावेत, ही कल्पना. अशा काटकसरी माणसापासून संचप्रेमीने लांब राहावे. सुदैवाने त्या पान्याचे डोके इतके जाडजूड असते की तुमच्या फटीत ते शिरणारच नाही. नकार द्यायला कारण मिळाले.

शेवटी मोबाइलवरून मागवा. पार्सल माजरी वस्तीचे की माजरी कॉलरीचे, यावर दोन दिवस जातील. तेवढे धरून चला.

4. संच मोठाच घ्या.

साध्या संचात आठ पाने असले तरी नंबर सोळा असतात: 6-7 पासून 20-22 पर्यंत, प्रत्येक पान्याला दोन वेगळी तोंडे. वाकड्या संचात दोन्ही तोंडे एकाच नंबरची. म्हणजे आठ पाने, आठच नंबर, आणि किंमत जास्त. यातला अन्याय मनाला लावून घेऊ नका. बारा पान्यांचा संच घ्या. अन्याय तेवढाच राहतो, पण गुंडाळायच्या पिशवीत छान दिसतो.

5. पोलाद पारखा.

दांड्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेले शोधा. सापडले की पाना हातावर तोला, दुसऱ्या पान्यावर हलकेच आपटा, आवाज ऐकून मान हलवा. आवाजातून काय कळते ते कुणालाच माहीत नाही, पण मान न हलवणाऱ्याला दुकानदार जास्त भाव सांगतो.

6. तोंडाची जाडी बघू नका.

ही चूक सगळे करतात, तुम्हीही करा. अंशांवर इतका वेळ गेलेला असतो की फट बोटभर आहे आणि पान्याचे डोके दीड बोट, हे घरी आल्यावरच कळते. अडचण एकट्या कोनाची नव्हती, जाडीचीही होती. तोवर पावती हरवलेली असते.

7. किंमत घरात सांगू नका. "सेलमध्ये होता," एवढेच.

8. आता प्रत्यक्ष काम. प्लग काढा. ही एक सूचना गमतीत घेऊ नका. ओल्या पत्र्याच्या कूलरने आपल्या भागात उन्हाळ्यात माणसे मारली आहेत.

मग पाना जेमतेम टोकाने नटाला लावा आणि जोर करा. गंज, पाण्यातला क्षार आणि कोळशाची भुकटी यांनी नट आणि पत्रा एकजीव झालेले असतील. इथे एक शास्त्रीय गोष्ट अशी की उघड्या तोंडाचा पाना नटाच्या सहांपैकी दोनच बाजू धरतो. रिंग पाना सर्व बाजूंनी धरतो. म्हणून जाणकार माणूस घट्ट नटाला पहिला झटका रिंगने देतो आणि सैल झाल्यावर फिक्स लावतो. तुमच्याकडे रिंग नाही. संचाच्या नादात ती राहून गेली. तेव्हा फिक्सनेच झटका द्या. 'कट्' असा आवाज येईल. नट फिरला असे वाटून आनंद होईल. नट फिरलेला नाही, त्याच्या कडा गेल्या आहेत. आता तो षटकोनी राहिलेला नाही, त्यामुळे 30 आणि 60 चा हिशेब करण्याचे तुमचे कष्ट वाचले.

थोडे डिझेल सोडा. चहा घ्या. पत्र्याला, कारागिराला, त्याच्या उस्तादाला जे म्हणायचे ते म्हणून घ्या.

9. संच उसना द्या.

ही पायरी टाळता येत नाही. पार्सल आल्याची बातमी पार्सलच्या आधी गल्लीत पोचलेली असते. बाराचा मोटारसायकलच्या कामाला जाईल, चौदाचा कुणाच्या पाहुण्याबरोबर थेट वणीला. रिकाम्या खोबणीत कुणी काय नेले याची चिठ्ठी ठेवा. महिन्याभरात तुमच्याकडे चिठ्ठ्यांचा पूर्ण संच असेल.

10. शेवटी फिटरकाकांना बोलवा.

प्रत्येक गल्लीत एक असतात. वेकोलिच्या, म्हणजे कोळसा कंपनीच्या, वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बनियनवर, चष्म्याला दोरी. ते येतील, कूलरमध्ये डोकावतील, तुमच्या पिशवीकडे बघतील आणि म्हणतील, "इतके पाने घेऊन एक नट निघून नाही राह्यला बापा?" मान खाली घाला. तेवढ्यात ते खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक काळाकुट्ट दहा-अकरा काढतील. वेकोलि 1975 ची; पाना तिच्याहून म्हातारा दिसतो. दांडा गॅसवर तापवून वाकवलेला, डोके दोन्ही बाजूंनी ग्राइंडरवर घासून पातळ केलेले, आणि अकराचे तोंड कानशीने केसभर मोकळे केलेले. कोन मोजून केलेला नाही. कधीतरी कुठल्यातरी अडलेल्या नटासमोर बसून केला असावा.

तो पाना फटीत सरकतो, उरल्यासुरल्या कडा धरतो आणि दोन मिनिटांत नट तुमच्या तळहातावर येतो.

हा कुठे मिळतो, असे विचारू नका. पाना फडक्यात परत गुंडाळताना काका स्वतःच म्हणतील, "तुमच्यातला अकराचा द्या, असाच करून देतो." आनंदाने पिशवी उघडा. अकराच्या खोबणीत हात घाला आणि तिथली चिठ्ठी वाचा.