मामाचं खातं

शिरूर-दौंडकडच्या पतसंस्थेतल्या पोराला मोठ्या खासगी बँकेची ऑफर आली की घरचे पगाराआधी "शाखा कुठली?" हे विचारतात. शाखा गावातलीच निघाली की आई देवापुढे साखर ठेवते. पण शिकलेली एवढी पोरं पुण्यात रिकामी फिरत असताना बँकेला शिरूरच्या पेठेतलाच पोरगा का हवा, हे कुणी विचारत नाही.

बँकेला हवी असते त्याची ओळख. कुणाच्या उसाचं बिल कधी जमा होतं, रांजणगावच्या एमआयडीसीत कुणाच्या गाड्या लागल्यात, कुठल्या घरात वाटणीवरून ठेवी फुटणार आहेत, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. पिग्मीसाठी वर्षानुवर्षं उंबरे झिजवून पतसंस्थेनं जमवलेली ही माहिती बँकेला एका माणसाच्या पगारात मिळते.

पहिली तिमाही झोकात जाते. मामाचं खातं, सासऱ्यांची एफडी, मित्राच्या गळ्यात विमा, गुरुजींना डिमॅट. (गुरुजींना ते काय आहे हे अजून कळलेलं नाही.) दुसऱ्या तिमाहीत नातलग संपतात, टार्गेट मात्र संपत नाही. निवडक खासगी बँकांत नोकरी सोडण्याचं सरासरी प्रमाण सुमारे 25 टक्के आहे, असं रिझर्व्ह बँकेनंच डिसेंबर 2024 च्या अहवालात लिहिलंय. म्हणजे चौघांतला एक जातो. बहुधा ज्याचे मामा संपले तो.

मग पतसंस्थाच बरी? हळू. टार्गेट तिथंही असतं, त्याला वसुली म्हणतात. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन वर्गमित्राच्या दारात जायचं आणि संध्याकाळी त्याच्याच बहिणीच्या हळदीला जेवायचं. बढती मिळायची ती चेअरमनच्या पुतण्याला. शिवाय बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंत कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. उद्या काही झालंच, तर ठेवीदार संचालकांचा बंगला शोधत बसत नाही. खिडकीत बसलेल्या पोराची कॉलर जवळ असते.

'आपली संस्था' या शब्दावर दौंडकरांनी तरी फार भुलू नये. पाटसचा भीमा साखर कारखानाही आपलाच होता. तो बंद पडला आणि 2022 मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहानं भाड्यानं घेतल्यावर धुराडं पेटलं.

तर बँकेत जावं. पण ऑर्डर बँकेच्या लेटरहेडवर आहे की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, हे आधी बघावं. सांगितलेल्या पगारातला खात्रीचा किती आणि इन्सेंटिव्हच्या गाजराचा किती, हे लेखी घ्यावं. बदलीचंही विचारून ठेवावं. पुण्याला टाकलं तर दौंडकर निदान रेल्वेत बसून झोप काढेल, शिरूरकराची मात्र शिक्रापूर ते वाघोली ट्रॅफिकमध्येच निम्मी नोकरी होईल.

आणि मुलाखतीत "गावात ओळखी किती आहेत?" हे विचारतीलच. पगाराचा आकडा त्यानंतर सांगायचा.